आत्याची लाइन

आमच्या हौशी नाटकमंडळीत मी मंत्र्यांची कामं पुष्कळ केली आहेत. पोट आहे, आवाज आहे, नेहरू शर्टही घरचाच आहे. पण खऱ्याखुऱ्या मंत्र्यासाठी गावाने कमान उभारावी, बँड लावावा, आणि कमानीपाशी येऊन थांबलेल्या गाडीत मी बसलेला असावा, हा योग फक्त वर्ध्याला आला. हार मात्र माझ्या गळ्यात पहिल्यांदा पडला नाही. तो माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंच्या गळ्यात पडला. पण हे पुढचं झालं. आधी वर्ध्याला पोचू या.

दोन हजार सातचा हिवाळा होता. पुण्यात तेव्हा बसला रस्त्यात स्वतंत्र पट्टी देण्याची मोठी हवा होती, आणि आमची आराखडे करणारी छोटी कंपनी त्या हवेवर पतंगासारखी चढली होती. त्यातच वर्ध्याहून विचारणा आली. शहराच्या कडेचं बोरगाव मेघे आणि रेल्वे स्टेशन, या दोन टोकांमध्ये जलद बस चालवता येईल का? कल्पना सोपी आहे. रस्त्यातली एक पट्टी फक्त बसची. तिथे दुसरं वाहन नाही, टपरी नाही, गाय नाही. थांबे ठरलेले, तिकीट चढण्याआधीच काढायचं, आणि बस येते म्हणजे येतेच. कंपनीतले बाकीचे मोठ्या शहरांच्या कामांत गुंतले होते, म्हणून वर्धा माझ्या वाट्याला आलं. बायको म्हणाली, "जा, तिथल्या लोकांना अजून तुमचे किस्से ऐकायचे आहेत."

बोरगाव मेघे

माझी सोय बोरगाव मेघेत लीलाबाईंच्या माडीवर झाली होती. लीलाबाई साठीला टेकलेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आवाज असा की पटांगणाच्या दुसऱ्या टोकाची मुलं हातातलं गुपचूप खिशात टाकतील. पहिल्याच दुपारी त्यांनी हिरव्या तुरीच्या सोल्यांचा भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. चटणी मी बेताने घेतली. त्या म्हणाल्या, "भाऊ, चटणी आहे, औषध नाई." मग मी बेत सोडला आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत बसलो.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचे अभियंता गजभिये मला रस्ता दाखवायला आले. चाळिशीचे, शांत, खिशाला दोन पेनं, आणि दर चौकात कुणीतरी "जय भीम, साहेब" म्हणणार, त्याला थांबून उत्तर देणार. मी म्हटलं, आपण गाडीने नको, लोकांसारखे ऑटोने जाऊ. हा माझा पहिला मोठा शहाणपणा.

वर्ध्याचा ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. हे पुण्यातही काही ठिकाणी चालतं, पण इथे भरल्यावरही तो निघत नाही. आमचा भरला. मागे आम्ही एकमेकांच्या मांडीवर, पुढे चालक अर्ध्या पार्श्वभागावर. तरी तो उभाच. मी विचारलं, आता कशासाठी? आतल्या एका बाई म्हणाल्या, "माही जाऊ येऊन राह्यली, चप्पल घालून राह्यली." आणि सगळे प्रवासी, ज्यांची जाऊशी ओळखदेखील नव्हती, समाधानाने मान डोलावून थांबले. जाऊ आली, कुठे बसली मला कळलं नाही, पण आली. पुढे वाटेत कुणी सांभार घ्यायला उतरलं. मी आपला डब्यातून सांडणाऱ्या आमटीच्या धास्तीने पाय आखडून घेतले, तर हाती कोथिंबिरीची जुडी. ऑटो थांबलेलाच. मी गजभियेंना म्हटलं, यात जलद बस कुठे बसवायची? ते हसले. "सर, आमच्याकडं गाडी माणसासाठी थांबते. माणसानं गाडीसाठी थांबावं, हे लोकांना समजावणं हेच खरं काम आहे. रस्ता काय, आखता येतो."

समजावायला आम्ही व्यापाऱ्यांची बैठक घेतली. बाजाराच्या चौकातले कापडवाले मोहनसेठ त्यांचे पुढारी. गोल चेहरा, गोड बोलणं, आणि नकार देताना समोरच्याला पेढा देण्याची सवय. मी नकाशा लावला, नाटकातला आवाज लावला, हातवारे केले. बस वेगात कशी जाईल हे दाखवताना मी खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत धावलोसुद्धा. लोकांना ते फार आवडलं. एकाने पुन्हा करायला सांगितलं. पण शेवटी मोहनसेठ म्हणाले, "साहेब, सगळं समजलं. एकच नाई समजलं. लोकायले एवढी घाई काऊन आहे?" याला माझ्याकडे उत्तर होतं, आलेखासकट होतं, पण तोवर पेढा माझ्या हातात होता. ठरलं ते एवढंच: एका सकाळी पट्टी आखून एक बस चालवून दाखवायची. जमलं तर पुढे बोलू. नाही जमलं तर पुण्याला राम राम.

त्या रात्रीच्या जेवणात डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात होता, आणि गोळाभाताने माणूस बढाई मारू लागतो. मी लीलाबाईंना जलद बसचं वर्णन ऐकवलं. ऐकता ऐकता त्यांचा हात भातावरच थांबला. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली.

त्यांचा धाकटा भाऊ सिंदीला असतो, कापसाचा व्यापार करतो. त्याला पहिला मुलगा झाला तेव्हा बारशाला या इथून निघाल्या. आत्या म्हणजे त्याच. पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, हे काय मी सांगायला हवं? पण ऑटो भरेपर्यंत थांबला, चौकात अडकला, आणि सिंदीला थांबणारी सकाळची पॅसेंजर यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मुहूर्त टळू नये म्हणून तिकडे भावजयीच्या बहिणीने उरकून घेतलं. नाव ठेवलं बंटी. लीलाबाई गेली कित्येक वर्षं त्या मुलाला फक्त "पोरगा" म्हणतात. आता भावाला मुलगी झाली होती. फार वर्षांनी, आशा सोडल्यावर. बारसं होतं आमच्या चाचणीच्याच दिवशी. नाव लीलाबाईंच्या मनात पक्कं होतं, कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि भावजयीची बहीण दोन दिवस आधीच सिंदीला येऊन बसली होती.

शेजारचा पुतण्या त्यांना मोटारसायकलवर स्टेशनला सोडणार होता. त्या म्हणाल्या, "त्याले मी नाई सांगून देतो. तुमी म्हणता ना, बस येते म्हंजे येतेच? मंग मी तुमच्या बसनंच जातो."

आराखड्यात प्रवासी नावाचा एक ठिपका असतो, त्याला घाई असते की नसते ते आपण टक्क्यांत लिहितो. पाळण्यापाशी पोचायची घाई असलेला ठिपका मला आजवर भेटला नव्हता. मी म्हटलं, बाई, चाचणी आहे, पुतण्या असू द्या. त्यांनी माझ्याकडे, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. विषय संपला.

चुन्याची रेघ

पट्टी आखायला पुण्याहून प्लास्टिकचे लाल शंकू मागवले होते. ते ट्रकने निघाले आणि कुणाच्या तरी कृपेने अमरावतीत उतरले. चाचणीच्या आदल्या दुपारी आमच्याकडे रस्ता होता, बस होती, आणि पट्टी नव्हती. गजभियेंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "फक्की मारू." म्हणजे मैदानावर खेळासाठी मारतात तशी चुन्याची पूड. उन्हं उतरताना माणसं डबे घेऊन आली, आणि बोरगाव मेघेपासून स्टेशनापर्यंत रस्त्याच्या डाव्या अंगाला एक पांढरीशुभ्र रेघ निघाली. ती पाहून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. कापूस बाजाराकडे जाणाऱ्या बैलगाड्यांमधून उडालेला कापूस त्या चुन्यावर चिकटला होता, म्हणून ती जरा लोकरी दिसत होती, एवढंच.

चौकात चहा घेताना चहावाल्याने गजभियेंना विचारलं, "कोण येऊन राह्यलं जी?"

"कोणी नाही. उद्या बस येणार आहे."

चहावाला आमच्याकडे बघून समजूतदारपणे हसला. "बसले कोणी चुना टाकते का, साहेब? नका सांगू. आमी बी कोणाले सांगत नाई."

आम्ही दोघांनी आलटून पालटून त्याला खरं सांगितलं. जितकं सांगितलं तितकं त्याचं हसू पसरत गेलं. गावात रस्त्याच्या कडेला चुना पडतो तो फक्त मंत्री येताना, हे आम्हाला तेव्हा सुचायला हवं होतं. मी पुण्याचा, मला कसं सुचणार? पुण्यात मंत्री आला तर लोक दुसऱ्या रस्त्याने जातात.

बाजाराचा चौक

सकाळी बस बोरगाव मेघेत येऊन उभी राहिली. जुनी लाल बस, पुढे आमचा फलक. चालक होते तुळशीराम, निवृत्तीला आलेले, आणि कुणी पुढे नसलेला रस्ता चालवायला मिळणार म्हणून लाजून लाजून हसत होते. लीलाबाई आल्या त्या जरीकाठाची हिरवी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा, एका हातात पाळण्याच्या साखळ्यांची पिशवी आणि दुसऱ्यात झबली-टोपडी भरलेली टोपली. बसल्या थेट पहिल्या बाकावर. मागे मी, माझ्यामागे गजभिये आणि मोजके प्रवासी.

बस निघाली, आणि मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत सुंदर दृश्य सुरू झालं. रस्ता मोकळा होता. नुसता मोकळा नव्हे, झाडलेला. टपऱ्या मागे सरकलेल्या. ऑटो एका रांगेत, नाकं एका रेषेत. ज्या हातगाड्यांना मी आठवडाभर हात जोडले होते त्या पलीकडच्या गल्लीत. कापसाच्या गाड्या फाट्यावर अडवलेल्या, बैल निवांत रवंथ करतायत. दोन्ही बाजूंना माणसं उभी, कपडे धुतलेले, माना आमच्याकडे. तुळशीरामांनी तिसरा गिअर टाकला, चौथा टाकला. मी मागे वळून गजभियेंच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, बघा, लोकांना पटलं की. ते माझ्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते. "सर," ते हळूच म्हणाले, "हे आपल्यासाठी नाही."

चौक आला, आणि पट्टीवर आडवी कमान. बांबूची, कापडाची, वर सुस्वागतम. खाली बँड, ओवाळायला ताटं घेतलेल्या मुली, मध्यभागी मोहनसेठ, हातात झेंडूचा जाडजूड हार. चाचणीची बस त्यांना ठाऊक होती, पण चुना पडल्यावर त्यांनीही ताडलं होतं, की तिच्या निमित्ताने मंत्री येणार. तुळशीरामांनी ब्रेक मारला. बँड सुरू झाला. पहिल्या बाकावर जरीकाठाची साडी नेसलेल्या, ताठ बसलेल्या बाई दिसल्या आणि गर्दीत एकच कुजबुज फिरली, की मंत्री बाई आहेत. मोहनसेठ बसमध्ये चढले, अदबीने वाकले, आणि हार लीलाबाईंच्या गळ्यात घातला.

मी उठलो. माझा नाटकातला आवाज लावला. नागरिकहो, म्हणालो, ही जलद बससेवेची प्राथमिक चाचणी आहे. बँडवाल्यांनी ते घोषणा समजून दुप्पट जोराने वाजवलं. मोहनसेठांनी खिशातून भाषण काढलं. तिकडे स्टेशनची पॅसेंजर आता कुठे असेल याचा अंदाज मी घड्याळावरून बांधू लागलो. लीलाबाईंनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर सोसलं असतं. मागच्या बारशाच्या दिवशी डोळ्यांदेखत निघून गेलेली ती गाडी होती तिच्यात.

मग त्या उठल्या. हार तसाच गळ्यात. दारात जाऊन त्यांनी एक हात वर केला, आणि शाळेचा आवाज बाहेर काढला. बँडमधला ढोलवाला आधी थांबला. तो त्यांच्याच हाताखाली शिकला असावा. मग पिपाणी थांबली.

"हार भेटला, लय छान आहे," लीलाबाई म्हणाल्या. "आता आयका. मी मंत्री-फंत्री नाई. मी बोरगावची लीलाबाई. सिंदीले माह्या भावाले पोरगी झाली, तिचं आज बारसं आहे, अन् मी तिची आत्या आहो. मागच्या बारशाले याच चौकात अडकलो, गाडी गेली, अन् पोराचं नाव बंटी ठेवलं. आज बी अडकवता का मले?"

मोहनसेठ भाषणाच्या कागदाकडे आणि लीलाबाईंकडे आळीपाळीने बघत होते. ओवाळायच्या ताटांच्या मागून एक म्हातारी म्हणाली, "आत्या नाई तं नाव कोण ठेवन मंग?" एवढंच. पण जे मला नकाशे लावून, भिंतीपासून भिंतीपर्यंत धावून आठवडाभरात समजावता आलं नव्हतं, ते त्या चौकाला तेवढ्यात समजलं. घाई काऊन आहे, हे समजलं.

मोहनसेठांनी कागद खिशात घातला आणि बसमधून खाली उडी मारली. त्यांच्या वयाला आणि घेराला ती उडी शोभत नव्हती, पण मारली. "कमान उचला बे!" बस कमानीखालून जाणारच नव्हती, टप अडत होता. तेव्हा बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली, ऑटोवाले धावले, आणि दोन्हीकडून बांबू धरून सुस्वागतम तसंच्या तसं आभाळाकडे वर गेलं. त्याखालून तुळशीरामांनी बस अशी अलगद काढली की वरची पताकासुद्धा हलली नाही. पुढे कुणीतरी सायकलवरून सुटला, ओरडत: आत्या चालली, आत्या चालली. ती हाक आमच्या पुढे पुढे पळत होती आणि पट्टीत उरलेसुरले पाय मागे घेत होती. शेवटच्या थांब्यावर दोन माणसं बसची वाट बघत रांगेत उभी होती. वर्ध्यात मी पाहिलेली ती पहिली रांग. तुळशीरामांनी त्यांना घेतलं. थांबा तो थांबा.

स्टेशनला पॅसेंजर फलाटाला लागलेली होती. लीलाबाईंना हात मोकळे हवे होते, म्हणून त्यांनी गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात टाकला आणि टोपली माझ्याकडे दिली. त्या डब्यात चढल्या. टोपली द्यायला मीही चढलो. टोपली दिली, वळलो, आणि फलाट चालू लागला होता. गजभिये खाली उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरून मला थांबवल्यासारखं केलं, मग ते हात तसेच वर नेऊन निरोप दिला. तेव्हा कळलं, त्यांनाही सुटल्यासारखं वाटत होतं.

सिंदी

गळ्यात झेंडूचा हार घालून मी सिंदी स्टेशनावर उतरलो. तिकीट कुणी विचारलं नाही. हार घातलेल्या माणसाला विचारत नाहीत, एवढा शोध या प्रवासात लागला.

भावाचं घर स्टेशनापासून जवळच, अंगणात कापसाच्या गासड्या, त्यांच्यावर चढून बसलेली पोरं. त्यांतला सर्वांत मोठा बंटी. लीलाबाईंना पाहून त्यांचा भाऊ होता तिथेच खाली बसला. भावजयीची बहीण पाळण्याशेजारीच होती. हळूच उठून तिने जागा केली, आणि मला वाटतं, सगळ्या घरात तिलाच जास्त सुटल्यासारखं वाटलं. साखळ्या लागल्या, झबलं चढलं. लीलाबाई पाळण्यावर वाकल्या आणि कानाशी काहीतरी बोलल्या. बाकीच्या बायकांनी त्यांच्या पाठीवर कुर्रर्र करून चापट्या मारल्या, त्या जरा जोरातच मारल्या. मला नाव ऐकू आलं नाही. भावजयीला आलं. ती पदराने नाक पुसून म्हणाली, "आईचंच ठेवसान, मले ठाऊक होतं." मग भिजवलेल्या हरभऱ्यांच्या घुगऱ्या वाटल्या गेल्या, पुरणपोळी झाली, आणि माझा हार पाळण्याला बांधला गेला. त्या हाराची जागा तीच होती असं आता वाटतं. जेवताना बंटी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, आत्या मला नावाने का नाही हाक मारत? मी म्हटलं, तुझं नाव ठेवायला गाडीने तिला पोचवलंच नाही. पोराला काही कळलं नाही. लीलाबाईंनी ऐकलं असावं, कारण निघताना त्या त्याला म्हणाल्या, "बंटी, येजो बरं बोरगावले." घराने ते ऐकलं आणि सगळे घुगऱ्या खात राहिले.

पुन्हा वर्धा

संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघं परतलो तेव्हा गजभिये स्टेशनावर होते. गावाने त्यांना जाब विचारला होता का? नाही. मोहनसेठ दुपारी भेटून गेले होते. मंत्री आला नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं नव्हतं. दुकानासमोर सकाळभर मोकळं होतं, ते बरं दिसलं, म्हणाले. अशी रेघ रोज राहिली तर हरकत नाही, पण तिचं नाव काय ते एकदा ठरवा. आणि तोवर चौकाने ठरवलंही होतं. लोक तिला आत्याची लाइन म्हणू लागले होते.

ती बस पुढे आली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आमचा आराखडा चांगला होता, गजभियेंनी तो नेटाने वर पाठवला, आणि वर गेलेल्या पुष्कळ गोष्टींप्रमाणे तो वरच राहिला. चुना गाड्यांच्या चाकांनी पुसला. गजभिये फोनवर सांगतात की त्या कडेला अजून कुणी गाडी लावली, की शेजारचा दुकानदार म्हणतो, काढ बाबू, आत्याची लाइन आहे.

पण त्या संध्याकाळी चुना ताजा होता. स्टेशनाबाहेर ऑटोवाले उभे होते, आणि लीलाबाई दिसताच पहिला पुढे आला. "आत्या, ठेवलं का नाव?"

"ठेवलं."

"काय ठेवलं?"

लीलाबाईंनी आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं. सगळी रांग कान देऊन होती. "यमुना," त्या म्हणाल्या. "माह्या आईचं."

तो हसला, आम्हा दोघांना बसवलं, आणि पुढची जागा, मागची जागा, सगळ्या जागा रिकाम्या असताना ऑटो सुरू केला. मी म्हटलं, अरे, भरू दे की. त्याने मागे न बघता उत्तर दिलं, "भरलाच आहे, साहेब," आणि पांढऱ्या रेघेला धरून बोरगाव मेघेकडे निघाला.